अठ्ठेचाळिसावा तास

पहाटे ४.४५

गजराआधी आबांची पावलं ऐकू येतात. अंथरुणातून उठल्यावरची पहिली दहा-बारा पावलं ते भिंतीला धरून, उजवी टाच न टेकवता टाकतात. मग शीर सैल होते आणि चाल सरळ होते. उजव्या टाचेच्या वर तीन बोटांवर बोराएवढा फुगवटा आहे. चिखलणीच्या दिवसांत रुतलेला पाय हिसडा देऊन वर काढायचा, दिवसातून किती वेळा त्याला हिशेब नाही. तो हिसडा सगळा त्याच जागी बसतो. आणि नेमक्या त्याच टापूत, टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वर, रक्ताचा पुरवठा सगळ्यात तोकडा असतो.

आमच्या गावात नस, रक्तवाहिनी आणि कंडरा या तिन्हींना ‘शीर’च म्हणतात. सुश्रुतानं कंडरा वेगळ्या काढून सोळा मोजल्या होत्या. आबांना सोळांशी देणंघेणं नाही, एक दुखते तेवढं पुरे आहे.

बाहेर नेहमीचा पाऊस. गगनबावड्यात जुलैमध्ये पाऊस पडतो असं कोणी म्हणत नाही, तो असतो. गगनगड आठवडाभर दिसलेला नाही. आई चुलीवरचा भात वेळतेय. वाफेतून पेज वाटीत येते, मीठ पडतं, ती वाटी आजीला जाते. भात बाकीच्यांना, पेज आजाऱ्याला.

“काय गं, आज तरी आणतीस काय त्ये पाणी?” आबा ओट्यावरून विचारतात.

“न्हाई आबा. पायरीवर उभारा तुम्ही.”

हा संवाद मार्चपासून रोज होतो.

सकाळी ६.००

एसटी स्टँड. कोल्हापूर पंचावन्न किलोमीटर. वर्षातले आठ महिने रस्ता दीड-पावणेदोन तासांचा, पावसाळ्यात कुंभी नदी ठरवेल तेवढ्याचा. मांडुकलीला रस्त्यावर पाणी आलं की तालुका तुटतो. कंडक्टरला मी तिकिटाआधी हेच विचारते. “रातच्याला कडंला लागलं हुतं. बघू की,” म्हणाले.

आज पोचायलाच हवं. सोमवारी सकाळी साडेदहाला मी बारा फ्लास्कमधल्या पेशींचं सीरम काढून घेतलंय, म्हणजे त्यांना उपाशी ठेवलंय. आज बुधवारी साडेदहाला अठ्ठेचाळीस तास भरतात. उशीर झाला तर पेशी मरायला लागतात, आणि मरणाऱ्या पेशी जे सांडतात ते मला नको असतं.

गावात सगळ्यांची समजूत आहे की मी बावड्याहून बावड्याला जाते. कसबा बावड्यात डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठाचा मूलपेशींचा स्वतंत्र विभाग आहे, त्यावरून. मी तिथं नसते. शहरातच दुसरीकडे, त्याहून लहान प्रयोगशाळेत असते. पण ‘बावड्याहून बावड्याला’ हे सांगायला इतकं सोपं आहे की मी दुरुस्त करायचं सोडून दिलंय.

असळज. काच पुसली की बाहेर लावणीच्या बायका, पाठीवर प्लास्टिकच्या खोळी, कमरेत वाकलेल्या. मांडुकलीला गाडी पाण्यातून गेली, पाणी टायरच्या निम्म्यालाही नव्हतं. साळवण. कळ्याला गाडी भरली. बालिंग्याचा पूल ओलांडल्यावर मी मोबाइल बघितला.

सकाळी ८.२०

छत्री, रेनकोट, चपला, पिशवी, सगळं बाहेरच्या खोलीत. हा नियम माझ्यामुळे झाला. गेल्या महिन्यात ओली ओढणी ॲप्रनच्या आत तशीच ठेवून मी कामाला बसले. चौथ्या दिवशी फ्लास्कच्या तळाशी कापसासारखा पांढरा पुंजका. बुरशी. इन्क्युबेटरच्या आत ३७ अंश उष्णता आणि भरपूर दमट हवा असते, म्हणजे बुरशीला हवं तसं घर. तीन आठवड्यांच्या पेशी ब्लीचमध्ये ओतल्या आणि इन्क्युबेटर उपसून पुसत बसले. सर काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

हात कोपरापर्यंत धुवायचे, ग्लोव्ह्ज, मग सत्तर टक्के अल्कोहोल. शंभर टक्के नाही, सत्तरच. थोडं पाणी असलं तरच ते जंतूंच्या आत नीट शिरतं.

मग एकेक फ्लास्क सूक्ष्मदर्शकाखाली. गर्भनाळेतल्या लिबलिबीत भागातून, व्हार्टन्स जेलीतून, वाढवलेल्या पेशी आहेत या. बाळंतिणीच्या लेखी संमतीनं मिळालेली नाळ, एरवी कचऱ्यात जाणारी. पेशी लांबट, चातीसारख्या, एकाच दिशेनं वाहिल्यासारख्या दिसतात. वर तरंगणाऱ्या गोल, चकचकीत पेशी म्हणजे मेलेल्या. त्या आज थोड्याच आहेत.

सकाळी १०.३०

अठ्ठेचाळीस तास.

फ्लास्क तिरका करायचा, पेशींचा थर खरवडणार नाही अशी पिपेट कोपऱ्यात टेकवायची आणि फिकट गुलाबी पाणी ओढून घ्यायचं. प्रत्येकी दहा मिलिलिटर. बारा फ्लास्कचं मिळून एकशेवीस, पिण्याचं एक फुलपात्र. आबांचं ‘पाणी’ ते हेच.

मी शिकत होते तेव्हा हे पाणी आम्ही फेकायचो. पेशी जपायच्या आणि मीडिया, म्हणजे त्यांचं खाद्यपाणी, बेसिनमध्ये. आता उलटं झालंय. पाणी उणे ऐंशी अंशांत जातं आणि पेशी मोजून झाल्या की बऱ्याचदा टाकल्या जातात. पेज ठेवायची, भात टाकायचा. आईला हे सांगितलं तेव्हा तिला ते पाप वाटलं.

हा उलटा प्रवास कसा झाला त्याची गोष्ट मला फार आवडते. ‘मेसेनकायमल स्टेम सेल’ हे नाव अर्नोल्ड कॅप्लान या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९९१ मध्ये रूढ केलं. कल्पना अशी की या पेशी जखमेत सोडल्या की त्या स्वतःच हाड, कूर्चा, कंडरा बनतील. गवंडी पाठवला की भिंत उभी. पण प्राण्यांमध्ये सोडलेल्या पेशी शोधायला गेलं तर थोड्याच दिवसांत त्या जवळजवळ सापडेनात, आणि तरी जखम बरी भरत होती. मग लक्षात आलं की या पेशी वीट रचत नाहीत, गावातल्या गवंड्यांना निरोप देतात आणि जातात. २०१७ मध्ये खुद्द कॅप्लाननंच लिहिलं की नाव बदला, ‘स्टेम’ म्हणू नका, या ‘औषधी इशारे देणाऱ्या’ पेशी आहेत. स्वतःचं गाजलेलं बारसं सव्वीस वर्षांनी स्वतःच मोडीत काढायला छाती लागते. लोकांनी अर्थात जुनंच नाव चालू ठेवलं.

निरोप या पाण्यात असतात. काही सुटी प्रथिनं असतात, नव्या रक्तवाहिन्यांना बोलावणारी, पेशींना वाढा म्हणणारी, कोलॅजन कुरतडणाऱ्या एन्झाइमांना आवरणारी. आणि काही निरोप पाकिटात बंद असतात. ही पाकिटं म्हणजे एक्सोसोम. साधारण ३० ते १५० नॅनोमीटरची, म्हणजे केसाच्या जाडीत पाचशेच्या वर बसतील. या सगळ्याला मिळून सिक्रिटोम म्हणतात.

सीरम काढून पेशींना उपाशी का ठेवायचं तेही यातच आलं. सीरम गाईच्या गर्भाच्या रक्तातलं असतं आणि त्यात त्याची स्वतःची पाकिटं असतात. ती मिसळली तर निरोप बाईचा की गाईचा ते कळणार नाही.

या विषयातलं उत्तम काम पुण्यात झालंय. विद्यापीठाच्या आवारातल्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. रमेश भोंडे यांनी मूलपेशींवर कित्येक वर्षं काम केलं. तिथल्याच डॉ. वैजयंती काळे यांच्या गटानं २०१८ मध्ये दाखवलं की तरुण उंदरांच्या अस्थिमज्जेतल्या पेशींनी सोडलेली पाकिटं म्हाताऱ्या उंदरांच्या रक्त घडवणाऱ्या मूलपेशींना दिली तर त्या पुन्हा जोमानं कामाला लागतात. ते रक्ताचं झालं, कंडरेचं नाही. पण निरोप धाडणारा किती वयाचा आहे यानं निरोप बदलतो, हे मला तिथून कळलं. म्हणून माझ्या वहीत प्रत्येक फ्लास्कपुढे पेशी कितव्या पिढीच्या ते लिहिलेलं असतं. सहाव्या पिढीपुढचं पाणी मी घेत नाही.

दुपारी १२.००

सेंट्रिफ्यूज. आधी हळू फेरी, मेलेल्या पेशी खाली बसतात. मग जोरात, तुकडे बसतात. मग ०.२२ मायक्रॉनची गाळणी. नुसती पाकिटं वेगळी काढायची तर गुरुत्वाच्या लाखपट जोर लावणारं यंत्र लागतं, ते आमच्याकडे नाही. आम्ही सगळंच पाणी बारीक गाळणीतून आटवून वापरतो. एकशेवीसचं सहा मिलिलिटर झालं. बारीक कुप्या, तारीख, पिढी, फ्रीझर.

दुपारी १.१५

नाचणीची भाकरी, कालच्या आमटीत बुडवून.

दुपारी २.००

आता खरं काम. वेगळ्या प्लेटांमध्ये कंडरेच्या पेशी आहेत. गुडघ्याचं लिगामेंट नव्यानं बसवताना मांडीमागची कंडरा काढून वापरतात, कापून उरलेला तुकडा रुग्णाच्या संमतीनं आमच्याकडे येतो. पेठापेठांतल्या फुटबॉलच्या कृपेनं कोल्हापुरात अशा गुडघ्यांची वाण नाही.

पेशींनी तळ सतरंजीसारखा झाकलाय. पिवळं पिपेट-टोक हातात धरायचं, श्वास रोखायचा आणि एका दमात सरळ रेघ ओढायची. जोर जास्त झाला तर प्लॅस्टिक ओरखडतं, कमी झाला तर पेशी मध्येच चिकटून राहतात. हात थांबला की रेघेला पोट येतं. पहिल्या वर्षी माझ्या रेघा नदीसारख्या वळायच्या. मग मी आबांचं आऊत आठवायला लागले. तास सरळ काढायचा तर फाळाकडे बघायचं नाही, समोरच्या बांधाकडे बघायचं. मी प्लेटच्या पलीकडच्या कडेवर एक काळा ठिपका देते आणि त्याच्याकडे बघत रेघ ओढते.

रेघ म्हणजे जखम. सुटलेल्या पेशी धुऊन काढल्या की सूक्ष्मदर्शकाखाली दोन काठ आणि मधे उघडी पट्टी दिसते. मग निम्म्या प्लेटांत सिक्रिटोम, निम्म्यांत नुसता मीडिया. कशात काय, ते मला माहीत नसतं. माझी सहकारी नळ्यांवर फक्त ‘क’ आणि ‘ख’ लिहून देते आणि किल्ली तिच्या वहीत ठेवते. मला पाणी जिंकावंसं वाटतं हे तिला ठाऊक आहे, म्हणून.

शून्य तासाचे फोटो घेतले. सहाव्या तासाचे ती घेईल, चोविसाव्याचे उद्या मी.

आणि ‘जिंकलं’ तरी काय सिद्ध होतं? प्लेटमधल्या पेशी रेघ बुजवतात म्हणजे सरकतात. कंडरेला सरकणं पुरत नाही. तुटलेल्या कंडरेत आधी दाह होतो, सफाई करणाऱ्या मॅक्रोफेज पेशी धावून येतात. मग घाईघाईत तिसऱ्या प्रकारचं कोलॅजन टाकलं जातं, बारीक आणि अस्ताव्यस्त, पुरात फुटलेल्या बांधाला रातोरात टाकलेल्या पोत्यांसारखं. पहिल्या प्रकारचं बळकट कोलॅजन ओळीत बसायला पुढे महिने जातात, कधी वर्ष. उंदीर-घुशींमधल्या प्रयोगांत सिक्रिटोम पहिल्या टप्प्यात कामाला येताना दिसतं. मॅक्रोफेजचा भांडखोर स्वभाव लवकर निवतो, व्रण कमी माजतो. पण तंतूंना ओळीत बसवतो तो ताण. कंडरा ओढली गेली तरच तंतूंना कळतं की कुठल्या दिशेला बसायचं. माझ्या प्लेटमध्ये ओढणारं कोणी नाही.

कंडरा किती संथ असते त्याचा एक पुरावा मी विसरू शकत नाही. अणुबाँबच्या हवेतल्या चाचण्यांमुळे १९५५ ते १९६३ या काळात वातावरणातला किरणोत्सारी कार्बन जवळपास दुप्पट झाला आणि नंतर हळूहळू उतरला. त्या खुणेचा घड्याळासारखा वापर करून डॅनिश संशोधकांनी २०१३ मध्ये दाखवलं की टाचेच्या कंडरेचा गाभा साधारण सतराव्या वर्षापर्यंत घडतो आणि पुढे जन्मभर जवळपास तसाच राहतो. आबांचा जन्म १९६६चा. त्यांच्या टाचेत त्या बाँबच्या हवेतला कार्बन अजून बसलेला असणार. अशा ऊतीला दोन आठवड्यांत बरी हो म्हणणाऱ्या माणसाकडे मी जरा तिरकंच बघते.

दुपारी ३.४०

असा माणूस फोनवर आला. म्हणजे तो माणूस नाही, त्याची जाहिरात वाचलेले आमच्या वाडीतले काका. मोठ्या शहरातल्या कुठल्याशा दवाखान्यात ‘एक्सोसोमचं इंजेक्शन’ देतात, खांद्याची शीर महिन्यात सांधते म्हणे. आकडा सांगितला तो म्हैस विकण्याइतका.

“काका, त्यांनी ते कशाचं केलंय, कुठल्या पेशींचं, ते लिहून दिलंय काय?”

“परदेशी हाय म्हणाले.”

मी त्यांना जे सांगितलं ते कोणालाही सांगेन. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे रक्ताच्या आजारांसाठीचं मूलपेशी रोपण हाच रूढ उपचार आहे. बाकी सगळं संशोधन. ते नोंदवलेल्या चाचणीतच करायचं आणि चाचणीत भाग घेणाऱ्याकडून पैसे घ्यायचे नाहीत. औषध महानियंत्रकांची परवानगी रीतसर मिळवलेली पेशींची उत्पादनं देशात आहेत. बंगळूरच्या कंपनीचं स्टेम्प्युसेल आहे, पायाच्या रक्तवाहिन्या बंद होणाऱ्या बर्गर आजारासाठी आणि नंतर गुडघ्याच्या झिजेसाठी. कंडरेसाठी नाही, आणि त्यात पेशी असतात, नुसतं पाणी नाही. अमेरिकेत नेब्रास्का राज्यात एक्सोसोम म्हणून दिलेल्या उत्पादनांनी रुग्णांना गंभीर त्रास झाला, तेव्हा तिथल्या औषध प्रशासनानं डिसेंबर २०१९ मध्ये जाहीर इशारा दिला. पाणी नीट गाळलेलं नसेल तर निरोपाबरोबर जंतूही जातात. माझ्या ओल्या ओढणीनं काय केलं होतं ते मी पाहिलंय, आणि तो फक्त फ्लास्क होता.

“मग कर्टिझोनचं घिऊ काय?” काकांनी लगेच पुढचं काढलं.

ते डॉक्टरांना विचारा म्हटलं. पण हेही सांगितलं की टेनिस एल्बोसारख्या दुखण्यात स्टिरॉइडनं काही आठवडे छान वाटतं आणि वर्षाच्या हिशेबात ते न घेणारेच पुढे असतात. काका गप्प झाले. लावणी अर्धी राहिलीय त्यांची. त्यांना काही आठवडेच हवेत, हे मला कळत नाही असं नाही. मोफत काय असतं ते मी सांगितलं, दोन महिने कमी वजन आणि रोजचा व्यायाम. ते त्यांना सगळ्यात महाग वाटलं.

संध्याकाळी ५.३०

रंकाळ्यावरून गाडी. फुलेवाडी सुटेपर्यंत उभी होते, मग जागा मिळाली. मांडुकलीला गाड्यांची रांग. ड्रायव्हर उतरून खांबावरची पाण्याची रेघ बघून आले. वीस मिनिटं थांबलो. कुंभी काठाला लागून होती, रस्त्यावर येऊ की नको करत. शेवटी गेलो. आमच्या मागच्या गाडीचं काय झालं माहीत नाही.

उद्या सकाळी रस्ता बंद असेल तर चोविसाव्या तासाचे फोटो सहकारी घेईल. तिला तसा मेसेज टाकला. असळजच्या पुढे रेंज जाते.

रात्री ८.१०

आबा जोत्याच्या पायरीवर उभे. चवडा पायरीच्या कडेवर, टाच हवेत. डावा पाय उचलायचा, सगळं वजन उजव्यावर घेत टाच हळूहळू खाली सोडायची, वर येताना डाव्याचा आधार घ्यायचा. गुडघा ताठ ठेवून पंधराचे तीन फेरे, वाकवून तीन, दिवसातून दोनदा. एकशे ऐंशी. स्वीडनच्या हाकान आल्फ्रेडसन या अस्थिशल्यविशारदानं १९९८ मध्ये पंधरा धावपटूंवर बारा आठवडे हे करून बघितलं. ऑपरेशनच्या रांगेतले ते पंधराही पुन्हा पळायला लागले. नंतर अनेकांनी फेरे कमी-जास्त केले, पण वजन घेऊन टाच सावकाश सोडायची ही गोष्ट टिकली. आबांना ते कोल्हापूरच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी शिकवलं. आबा मोजतात रोपांच्या मुठी मोजल्यासारखे, पंधरा झाले की एक खडा बाजूला.

सकाळची पावलं मार्चमध्ये चाळीस-पन्नास होती भिंतीला धरून. आता दहा-बारा.

“आणलंस काय?”

“फोटो आणलाय.”

मी मोबाइलवर शून्य तासाचे दोन्ही फोटो उघडले. आबांनी चष्मा घेतला. राखाडी शिवार आणि मधून गेलेली उघडी पट्टी.

“बांध फुटलाय की गं.”

“ह्यो मीच फोडलाय.”

“मग दोन्ही अंगानं माती सरकंल,” ते म्हणाले. बोटानं काठ चाचपला. “ह्यात पाणी घातल्यालं कुठलं?”

“मलाबी म्हाईत न्हाई. क आन ख हाय नुसतं. उद्या कळंल, रस्ता चालू राह्यला तर.”

त्यांनी दोन्ही फोटो पुन्हा आलटून पालटून बघितले. शून्याव्या तासाला दोन्ही सारखेच दिसतात.

“ख,” आबा म्हणाले, मोबाइल माझ्या हातात दिला आणि पायरीवरचे खडे मोजले. पाच होते. सहावा फेरा राहिला होता.